चहाडी कुणी केली? पाचवीचा एक वर्ग, दोन कोल्हे आणि एक ससा

बेळगावहून खानापूरकडं जाताना हमरस्ता सोडून थोडं आत गेलं की जी गावं लागतात त्यातल्या एका गावातली सरकारी मराठी शाळा, पाचवीचा वर्ग. शाळेचं, गावाचं, कुणाचंच नाव देत नाही, गाव एवढंसं आहे की दोन वाक्यांत लोक ओळखतील. मी तिथं शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला गोष्टी सांगायला जाते, पोरं 'गोष्टीच्या ताई' म्हणतात, त्यामुळं यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालंय आणि उरलेलं वर्गबाईंनी सांगितलंय. त्यांना विचारूनच लिहितेय. लिहायचं कारण असं की मुलांना चहाडी वाईट हे शिकवायचं तर प्राण्यांच्या गोष्टी सांगा असं ज्याला त्याला वाटतं, आणि वाटायला काय, बरोबरच आहे, पण कुठली गोष्ट सांगितल्यावर वर्गात पुढं काय काय होतं ते कोण सांगत नाही. इथं ते सगळं बघायला मिळालं.

झालं काय होतं

जूनमध्ये वर्गात एक नवी पोरगी आली. वडील हुक्केरीकडचे, घरात कन्नड, आई मात्र याच गावची. चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली आणि आता आजीकडं राहायला आली म्हणून मराठी शाळेत. मराठी बोलायची पण अडखळत, आणि सुरुवातीला बाईंना 'अक्कोरु' म्हणायची, तिकडं बाईंना तसंच म्हणतात, त्यावर वर्ग खिदळायचा. आता आमच्या पोरांना कन्नड काही नवीन नाही, बसमध्ये, बाजारात, दुकानाच्या पाटीवर सगळीकडं आहे, शाळेत विषय म्हणून शिकतात, पण पुस्तकातलं वाचता येणं वेगळं आणि आपल्यासमोर कुणीतरी भराभरा बोलायला लागलं की त्यातलं समजणं वेगळं. कन्नड शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या गावाहून येतात, त्यांना या पोरीशी दोन शब्द बोलायला बरं वाटायचं, साहजिकच आहे.

एक दिवस मधल्या सुट्टीत कन्नडच्या बाई आणि ही पोरगी वर्गात बोलत बसल्या होत्या. दारातून एका मुलीनं, तिला आपण पहिल्या बाकावरची म्हणू, ऐकलं की बोलण्यात वर्गातल्या पोरांची नावं येतायत, एकामागून एक. बाकीचं काय कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघांना कन्नडचा गृहपाठ एकमेकांचं बघून लिहिला म्हणून उभं केलं. झालं!

पाण्याच्या टाकीपाशी पहिल्या बाकावरची एवढंच म्हणाली, "ती काल बाईंना आमची नावं सांगूलालती." दुपारच्या जेवणापर्यंत त्याचं झालं की कॉपीचं तिनंच सांगितलं. दोन दिवसांत ती रोज सगळं सांगते, मग तिला त्यासाठीच ठेवलंय, आणि त्या आठवड्याच्या शेवटाला ती पोरांच्या घरातल्या भानगडी पण सांगते इथपर्यंत गाडी गेली. कुणाच्या घरातल्या, कसल्या, ते विचारायचं नाही. मग ही गोष्ट गिरणीवर पोचली, तिथून बचत गटात, आणि एका आजीनं नातीला बजावलं की त्या पोरीशेजारी बसून काय बोलू नको, कन्नडात नेऊन सांगंल. हे वाक्य मला त्या नातीनंच जसंच्या तसं सांगितलं, मोठ्या अभिमानानं.

वर्गात मारामारी नाही, शिवीगाळ नाही. वहीत नोंद करावी असं काहीच घडलं नाही, म्हणूनच बाईंना उशिरा कळलं. जेवणाच्या ओळीत तिच्या पुढं आणि मागं एक एक माणसाची जागा मोकळी राहायची, ती आली की बोलणं बंद, गटात घ्यायची वेळ आली की सगळे वर छताकडं बघायचे. पोरगी कन्नडच्या तासाला पोटात दुखतंय म्हणायला लागली, खरं तर तोच एक तास तिला सोपा. शेवटी आई आली आणि म्हणाली, "बाई, माझी पोर घरात पण बोलंना झालीय, आधी कन्नड बोलायची ते पण बंद केलंय."

पहिली गोष्ट आणि तिनं केलेला घोळ

वर्गबाई जुन्या आहेत, त्यांना लगेच वाटलं की नावं घेऊन वर्गाला रागवलं तर पोरगी आणखीच एकटी पडेल. म्हणून त्यांनी गोष्ट निवडली, आणि चहाडीवरची गोष्ट म्हटल्यावर कुणीही जी निवडेल तीच, पंचतंत्रातला मित्रभेद. निवड वाईट होती असं मी म्हणणार नाही, याच्याइतकी घट्ट विणलेली चहाडीची गोष्ट आपल्याकडं दुसरी नाही. आणि या मुलखाला तर ती घरचीच आहे, दुर्गसिंहानं कन्नडमध्ये पंचतंत्र लिहिलं ते १०३१ च्या आसपास, म्हणजे आमच्या भागातल्या लोकांच्या कानावर दमनक पडून हजार वर्षं होत आली.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण अर्धीच. पिंगलक सिंह पाणी प्यायला जातो, तिथं कसला तरी मोठा आवाज ऐकून घाबरतो आणि पाणी न पिताच माघारी फिरतो. आवाज असतो संजीवक नावाच्या बैलाचा, व्यापाऱ्यानं वाटेत सोडून दिलेला. दमनक कोल्हाच त्या दोघांची गाठ घालून देतो. मग मैत्री एवढी वाढते की सिंह शिकार विसरतो, कोल्ह्यांच्या पोटाचे हाल होतात आणि दरबारात त्यांना कोण विचारेना होतं. तेव्हा दमनक सिंहाला जाऊन सांगतो की बैलाचा तुमच्या गादीवर डोळा आहे, आणि बैलाला सांगतो की सिंह तुला खाणार आहे. वर दोघांना खुणा सांगून ठेवतो, तो असा बसलेला दिसला, डोळे असे लाल दिसले की समजायचं. दोघं समोरासमोर येतात तेव्हा भीतीनं दोघंही ताठ झालेले असतात, त्यामुळं सांगितलेल्या खुणा दोघांना दिसतातच. लढाई होते, बैल मरतो, सिंह रडतो.

बाईंनी गोष्ट सुरेख सांगितली असणार, त्या सांगतातच तशी. पण सोमवारी वर्गात नव्या पोरीचं नाव 'दमनक' पडलेलं. दोन दिवसांनी फळ्यावर कोल्ह्याचं चित्र, त्याला दोन वेण्या.

याचा विचार केला तर त्यात पोरांचं काय चुकलं ते कळत नाही. त्यांच्या लेखी चहाडी करणारी तीच होती ना! बाईंनी सांगितलं चहाडी करणारा कोल्हा वाईट, पोरांनी मान डोलावली आणि कोल्हा कोण ते ठरवून टाकलं. गोष्ट कोल्ह्याकडं बोट दाखवते आणि वर्गात ते बोट ज्याच्याकडं आधीच वळलेलं असतं त्याच्याकडंच जातं. पसरवणाऱ्या पंधरा-वीस जणांपैकी एकालाही आपण दमनक आहोत असं वाटलं नाही, वाटणार पण नाही, कारण दमनक कट करून खोटं बोलतो आणि यातलं कुणीच मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं ऐकलेलं सांगितलं, थोडं मीठ लावून.

इथं दोन अभ्यासांची आठवण होते. २०१४ मध्ये कांग ली आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी ३ ते ७ वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून मग ती खरं बोलतात का ते पाहिलं. त्यात 'लांडगा आला रे आला' सांगून काही फरक पडला नाही, खोटं बोलणाऱ्या मुलाचे हाल ऐकून मुलं खरं बोलायला लागली नाहीत. फरक पडला तो खरं सांगून टाकल्यावर शाबासकी मिळते अशा गोष्टीनं. दुसरा अभ्यास टोरंटोचा, त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्यावरची गोष्ट वाचून दाखवली, एका गटाला माणसांची आणि एका गटाला माणसासारखे कपडे घातलेल्या प्राण्यांची, आणि त्यानंतर स्टिकर जास्त वाटले ते माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी. म्हणजे प्राण्यांच्या गोष्टीतून शिकवण आपोआप पोरात उतरते हे आपण जे धरून चालतो ते एवढं सरळ नाही. आमची पोरं दहा वर्षांची, त्यामुळं ते निकाल जसेच्या तसे इथं लावता येणार नाहीत, पण फळ्यावरचं वेण्यावालं कोल्हं बघितल्यावर मला ते फार पटले. तरीही मी प्राण्यांच्याच गोष्टी सांगते, वेगळ्या कारणासाठी. प्राण्याची गोष्ट चालू असताना वर्गातल्या कुणाचंच नाव न घेता तासभर त्याच भानगडीवर बोलता येतं. बाकी कुठल्या मार्गानं ते जमत नाही.

"राजाला पण उभं करा"

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या की ही गोष्ट आता अशीच सोडता येणार नाही, हिच्यातूनच बाहेर काढायला पाहिजे. वर्गात विचारलं की गोष्टीबद्दल काय विचारायचंय का. मागून एकजण, "मग त्या दमनकाला शिक्षा काय झाली?"

खरं उत्तर म्हणजे काहीच नाही. आपल्या पंचतंत्रात दमनक सिंहाची समजूत काढतो आणि त्याचा मंत्री होऊन सुखानं राहतो. हे सांगितल्यावर वर्गात जो गलका उठला, शेजारचे गुरुजी बघून गेले. पंचतंत्र राजपुत्रांना व्यवहार शिकवायला लिहिलंय, त्यात कोल्हा जिंकतो आणि ऐकणाऱ्या राजपुत्रानं ओळखायचं असतं की आपल्या दरबारात असा कोण आहे. पण हे पाचवीला सांगून काय उपयोग.

मग मी त्यांना पुढची हकीकत सांगितली, जी मला स्वतःला या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटतो. सहाव्या शतकात ही गोष्ट इराणात गेली, पहलवी भाषेत, आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ती अरबीत आणली, तिथं दमनक आणि त्याचा जोडीदार कोल्हा करटक यांचे झाले दिम्ना आणि कलीला. आणि अरबी गोष्टीत एक नवीन प्रकरण आलं, दिम्नाचा खटला. म्हणजे आमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखंच तिकडं पण कुणाला तरी चैन पडलं नाही. त्या खटल्यात एक बिबट्या आहे. त्यानं रात्री जाताना दोन्ही कोल्ह्यांचं बोलणं ऐकलेलं असतं, तो जाऊन सिंहाच्या आईला सांगतो, कुणाला माझं नाव सांगू नका म्हणून वचन घेऊन. शेवटी साक्षी होतात आणि दिम्नाला शिक्षा होते.

खटला म्हटल्यावर पोरांनी टेबल ओढलं, एक वकील झाला, एक पोलीस झाला (जंगलात पोलीस कुठला, पण असू दे). दमनकाचं काम एका पोराला दिलं, मुद्दाम त्यालाच, जो त्या कॉपीवाल्या तिघांतला. नव्या पोरीला कुठलंच काम द्यायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं, ती खिडकीपाशी बसून होती. दमनक झालेल्या पोरानं स्वतःची बाजू फार हुशारीनं मांडली, म्हणाला, मी फक्त सांगितलं, मारलं कुणी? सिंहानं मारलं. मला एकट्याला का उभं केलंय, राजाला पण उभं करा. त्यानं बैलाला एकदा तरी विचारलं का? रोज शेजारीच बसायचा की!

वर्गबाईंनी लगेच सिंहाला उभं केलं. सिंह झालेला पोरगा गडबडला, त्याच्याकडं काय उत्तरच नव्हतं, शेवटी म्हणाला, "मला भीती वाटूलालती." मग बैलाला विचारलं तू का नाही विचारलंस, तर बैल म्हणाला त्याचे डोळे लाल दिसले. मग खुणांवर चर्चा. डोळे लाल कशानं होतात, झोप झाली नाही तर होतात, रडलं तर होतात, पोहून आलं तर होतात, तुझ्याबद्दल कुणी वाईट सांगून ठेवलं तर तुला ते कसे दिसतील. एका मुलीनं सांगितलं की तिला एकीबद्दल कुणीतरी सांगितलं होतं ती तुझ्यावर जळते, तेव्हापासून ती हसली तरी ही खोटं हसली असंच वाटतं. नावं नाहीत, पण वर्गात अर्ध्या जणांना कळलं असणार.

माझ्या मते प्रकरण फिरलं ते इथं. दमनक वाईट हे सगळे आधीच मान्य करून बसलेले, त्यात कुणाला काय करायचं नव्हतं. ऐकणाऱ्यानं काय करायला पाहिजे होतं, हा प्रश्न आल्यावर प्रत्येकाला आपली जागा सापडली, कारण वर्गात सांगणारे थोडे आणि ऐकणारे सगळे. मोठ्यांच्या जगात पण तेच. चहाडीवरच्या गोष्टी आपण नेहमी सांगणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून सांगतो आणि ऐकणाऱ्याला बिचारा ठरवून मोकळे होतो, मला हे मुळातच उलटं वाटतं.

बिबट्यानं चहाडी केली का

हा प्रश्न एका पोरीनंच काढला आणि आम्हाला पुढचे दोन तास पुरला. बिबट्यानं पण चोरून ऐकलं, जाऊन सांगितलं पण, ते पण माझं नाव घेऊ नका म्हणून. मग तो आणि दमनक सारखेच की! वर्गात सरळ दोन गट. एक म्हणाला चहाडीच ती, दुसरा म्हणाला बैल मेलाय, सांगायलाच पाहिजे.

बिबट्या म्हटल्यावर बेळगावची पोरं २०२२ कडं जाणारच. त्या ऑगस्टमध्ये गोल्फ कोर्सच्या बाजूला बिबट्या आला होता, आसपासच्या शाळांना किती दिवस सुट्टी, शिमोग्याकडच्या सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणलेले त्याला शोधायला. ही पोरं तेव्हा लहान होती पण घरातल्या बोलण्यातून सगळं तोंडपाठ. आणि व्हॉट्सॲपवर तर तो रोज नव्या गल्लीत दिसायचा, आमच्या गावात पण तीन ठिकाणी 'दिसला', गाव शहरापासून एवढं लांब असून! तर यावर बोलताना बाईंनी विचारलं, समजा तुम्हाला खरंच बिबट्या दिसला तर कुणाला सांगाल? आईला, गुरुजींना, फॉरेस्टवाल्यांना. आणि दिसला नाही, कुणीतरी दिसला म्हणालं, तर? इथं पोरं अडली. मग हळूहळू त्यांच्याच तोंडून असं निघालं की कुणाला इजा होणार असेल तर सांगायचं, पण जो काही करू शकतो त्यालाच सांगायचं, आणि आपण पाहिलंय की ऐकलंय ते पण सोबत सांगायचं. दमनकानं जे सांगितलं त्यानं कुणाची मदत होणार होती? कुणाचीच नाही, नुसतं फाटणार होतं. अरबी बिबट्याच्या बाजूनं शेवटी मत पडलं, तरी दोघं-तिघं शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्यानं नाव लपवायला नको होतं. मला तेही पटलं आणि मी त्यांना हरवायचा प्रयत्न केला नाही.

चहाडी वाईट एवढंच डोक्यात भरवलं तर पोरं उद्या खरंच काही वाईट घडलं तरी गप्प बसतील, ही भीती बाईंना पहिल्यापासून होती, म्हणून त्यांनी हा विषय घाईनं संपवला नाही.

बेलाच्या झाडापर्यंत

आता मूळ अफवेचं काय? ती अजून होतीच. यासाठी जातकातल्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींतल्या, दोन गोष्टी घेतल्या.

एक वाघ आणि सिंहाची, वण्णारोह जातक. मांडणी मित्रभेदाचीच, कोल्हा दोघांचं उरलेलं खाऊन माजतो आणि त्याला आता या दोघांचंच मांस खायचं असतं, म्हणून याला त्याचं आणि त्याला याचं सांगतो. फरक एवढाच की वाघ उठून सरळ सिंहाकडं जातो आणि विचारतो, तू असं म्हणालास का रे? संपलं, कोल्हा पळतो. गोष्ट इतकी छोटी आहे की पोरं म्हणाली एवढीच? एवढीच.

दुसरी सशाची. मराठीत ती 'आभाळ पडलं, पळा पळा' म्हणून सगळ्यांना पाळण्यापासून माहीत असते पण तिचा उत्तरार्ध गळून जातो. दुद्दुभ जातकात ससा झाडाखाली पडलेला असतो, जमीन फाटली तर मी कुठं जाईन असा विचार करत, तेवढ्यात ताडाच्या पानावर बेलफळ पडतं, धाडकन. ससा पळतो, मग हजारो ससे, मग हरणं, डुकरं, म्हशी, गेंडे, वाघ, सिंह, हत्ती. न पळालेला एक सिंह आडवा येऊन त्यांना थांबवतो आणि विचारतो, कुणी पाहिलं? हत्ती म्हणतात सिंहांना माहीत, पळणारे सिंह म्हणतात वाघांना, वाघ म्हणतात गेंड्यांना, असं मागं मागं जात जात त्या एका सशापाशी येतं. सिंह त्याला खात नाही, ओरडत पण नाही. पाठीवर बसवतो आणि म्हणतो चल, दाखव कुठं ते. ससा लांबूनच बोट दाखवतो, जवळ जायची हिंमत नसते. सिंह जाऊन बघतो तर बेलफळ.

पोरांना ही मागं मागं जायची पद्धत फार आवडली, खेळच झाला. आठवडाभर कुणी काही बातमी सांगितली की दुसरा विचारणार, "तू हत्ती का ससा?" म्हणजे ऐकलंस का बघितलंस. बाईंना पण विचारलं, परीक्षा पुढं गेली म्हणालात तर तुम्ही हत्ती का ससा. बाई म्हणाल्या हत्ती, हेडमास्तरांकडून ऐकलं.

मग बाईंनी एकेकाला बाजूला घेऊन, वर्गासमोर अजिबात नाही, तेच विचारलं. तू त्या मुलीला सांगताना स्वतः बघितलंस? नाही? मग कुणाकडून ऐकलंस? असं जात जात पहिल्या बाकावरची सापडली. ती म्हणाली, "बाई, मी एवढंच सांगितलेलं, नावं घेऊलालत्या म्हणून. बाकीचं मी नाही म्हटलं." आणि ते शंभर टक्के खरं होतं. तिनं आवाज ऐकला होता, बेलफळ खरंच पडलं होतं.

मग कन्नडच्या बाईंना विचारलं. त्यांना आधी आठवेचना, मग हसायला लागल्या. गृहपाठाच्या वह्या होत्या. वहीवर पोरांनी कन्नड लिपीत नावं लिहिलेली, अक्षर असं की बाईंना लागेना, म्हणून त्या पोरीला वाचायला बसवलेलं. यारदु इदु, म्हणजे ही कुणाची? अमक्याची. यारदु इदु? तमक्याची. कॉपीबद्दल कुणी सांगायची गरजच नव्हती, स्वतःची ओळख लिहायची होती आणि 'नन्न हेसरु', म्हणजे 'माझं नाव', याच्या पुढं तिघांच्या वहीत एकाचंच नाव!

हे नुसतं सांगून टाकता आलं असतं. पण बाई म्हणाल्या सशाला झाडापर्यंत न्यायला पाहिजे. म्हणून पुढच्या कन्नडच्या तासाला दोघींनी वर्गासमोर तेच केलं, वह्यांचा गठ्ठा, तेच प्रश्न, तीच उत्तरं, तितक्याच वेगानं. पोरं ऐकत होती आणि चौथ्या-पाचव्या वहीला कुणीतरी ओरडलं, "हे तर आम्हाला येतंय!" येतंयच, 'हे कुणाचं' हे पहिल्या काही धड्यांतलं. मग गठ्ठ्यात ती वही आली आणि 'नन्न हेसरु' वाचून झाल्यावर वर्ग जो फुटला, ज्याचं नाव तीन वह्यांत होतं तोच सगळ्यात मोठ्यानं हसत होता. अफवेबद्दल एक शब्द कुणी बोललं नाही. गरज पण राहिली नाही.

काय झालं, काय नाही झालं

जेवणाच्या ओळीतल्या मोकळ्या जागा गेल्या. पोटदुखी थांबली. 'दमनक' हे नाव मात्र लवकर गेलं नाही, कुणी मुद्दाम वापरायचं असं नाही पण तोंडात बसलेलं, दिवाळीपर्यंत अधूनमधून यायचं. फळ्यावरचं चित्र कुणी काढलं ते बाईंनी शोधलं नाही, आणि ते मला आवडलं.

पहिल्या बाकावरची थोडे दिवस फार गप्प होती. तिला कुणी काही बोललं नव्हतं, तरी गोष्टीतला ससा आपणच हे तिला कळलंच होतं. बाईंनी तिला एकदा एवढंच सांगितलं की सिंहानं सशाला पाठीवर का बसवलं असेल ते विचार कर. ती दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली, "कारण त्यालाच झाड माहीत होतं." मी एवढा विचार केला नव्हता.

डिसेंबरात एका पोरानं बाईंना येऊन सांगितलं की सातवीतली पोरं लहानांना घेऊन दगडाच्या खाणीतल्या पाण्याकडं जातायत, आणि सांगताना पहिलं वाक्य, "बाई मी ससा आहे, मी स्वतः बघितलंय." हेडमास्तरांनी त्याच दिवशी पालकांना बोलावलं. त्या पोराला वरच्या वर्गातल्यांनी चुगलखोर म्हणून चिडवलं, तेव्हा पाचवीतलेच दोघं-तिघं त्याच्या बाजूनं भांडले. बिबट्याच्या चर्चेत चहाडीच ती म्हणणारा पण त्यात होता.

मोठ्यांकडं मात्र काही हललं नाही. पालकसभेत बाईंनी सशाची गोष्ट सांगितली, बायका हसल्या, छान आहे म्हणाल्या, आणि गिरणीवर ती पोरगी कन्नडात जाऊन सांगते हे तसंच आहे. त्या आजीला नातीनं सगळी वह्यांची हकीकत सांगितली, त्यावर आजी म्हणाली असंल बाई, पण आग असल्याशिवाय धूर येत नाही. यावर माझ्याकडं गोष्ट नाही.

कुणाला आपल्या वर्गात हे करायचं असेल तर आम्ही दोघींनी काय ठरवलंय ते सांगते. सशाची गोष्ट वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायची, भांडण व्हायच्या आधी, चौथीत पण चालते, आणि शेवटचं मागं मागं जाणं कापायचं नाही. मित्रभेद सहावी-सातवीला, आणि वर्गात आधीच कुणाकडं बोटं वळलेली असतील तर अजिबात नाही, सांगायचाच तर खटल्यासकट. गोष्ट संपल्यावर तात्पर्य काय असं विचारायचं नाही, पोरं लगेच 'चहाडी करू नये' म्हणून मोकळी होतात आणि विषय तिथंच मरतो. त्यापेक्षा सिंहानं काय विचारायला हवं होतं ते विचारावं.

नवी पोरगी आणि पहिल्या बाकावरची मैत्रिणी वगैरे झालेल्या नाहीत, तसं व्हायलाच पाहिजे असं पण नाही. ती आता खिडकीजवळच्या दोघींसोबत बसते, ती त्यांना कन्नडचा गृहपाठ सांगते आणि त्या तिला गणिताचा, आणि याबद्दल बाईंकडं अजून कुणी चहाडी केलेली नाही.